हौदात पाय असेपर्यंत

वरून कुणीतरी बाई हाका मारत होती आणि एर्मीनियाची पावलं आपोआप झपाझप पडू लागली होती. स्टेशनाकडे उतरणारी पोर्तोची ती अरुंद गल्ली, दोन्ही बाजूंनी वाळत घातलेले कपडे, कोपऱ्यावर भिंतीला टेकून अकॉर्डियन वाजवत बसलेला एक टोपीवाला. त्याच्या सुरांतून ती हाक पुन्हा पुन्हा वर येत होती. "अहो! अहो, करड्या कोटवाल्या बाई!" करडा कोट तिच्याच अंगावर होता. पुढं गल्लीत दुसरी बाई दिसत नव्हती, दुसरा करडा कोटही नव्हता. तरी तिनं मान वर केली नाही. उलट पिशवी छातीशी धरून ती जवळजवळ पळायलाच लागली, या वयात, त्या निसरड्या दगडांवरून. वळणाशी पोचते न पोचते तोच मागून एक मासळीवाली धापा टाकत आली आणि तिनं एर्मीनियाच्या हातात तिचाच निळा लोकरी रुमाल कोंबला. "काय हो, बहिऱ्या आहात का? तुमचा रुमाल पडलेला बघून ती बाई तिसऱ्या मजल्यावरनं घसा फाटेस्तोवर ओरडतेय! मला टोपली टाकून धावायला लावलंत." एर्मीनिया म्हणाली, "अकॉर्डियन चालू होतं ना. ऐकू आलं नाही." मासळीवालीनं कोपऱ्याकडे बघून नाक मुरडलं. "त्या मेल्याच्या पेटीतून निम्मे सूर गळून पडतात. त्यापायी कसलं ऐकू यायचं राहतंय?" असं म्हणून ती गेली. एर्मीनिया रुमाल हातात घेऊन तिथंच उभी राहिली. ऐकू आलं नाही, हे वाक्य किती सहज आपल्या तोंडातून निघालं होतं. अडखळलं नाही, शोधावं लागलं नाही. वर्षानुवर्षं वापरून गुळगुळीत झालेल्या जिन्याच्या कठड्यासारखं ते हाताखाली आपणहून आलं होतं.

गाडीत तिला खिडकीजवळची जागा मिळाली, नदीच्या बाजूची. पिशवी तिनं मांडीवरच ठेवली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेला लोखंडी चिमटा होता, जुन्या बाटल्यांच्या माना कापायचा. त्याचा एक दांडा सैल झाला होता, तो तिनं ठोकून घेतला होता. तीन दिवसांपूर्वी देओलिंदाचा फोन आला. थोरली बहीण फोनवर नेहमी भांडायला आल्यासारखी बोलते. पहिल्यांदा टेलिफोन आला तेव्हा दोरू नदीच्या खोऱ्यात सगळेच असे ओरडून बोलायचे, आता तारा सुधारल्या पण देओलिंदा काही सुधारली नाही. "शनिवारी द्राक्षांची तोडणी संपतेय. माणसं रीतीप्रमाणं सजवलेली फांदी घेऊन येतील. तू ये." "येतेच की दरवर्षी." "चिमटा घेऊन ये. त्या वर्षाची एक बाटली राहिलीय. शेवटची. ती फोडू." "आता कशाला? राहू दे की." "कुणासाठी राहू दे? मला मूल नाही, तुला मूल नाही. चुलतभावाच्या पोरांना कोकाकोला आवडतो. चिमटा विसरू नकोस," आणि फोन ठेवला. त्या वर्षाची. दोघी बहिणी त्या वर्षाला कधी आकड्यानं संबोधत नाहीत. बाकी सगळे आकड्यानंच ओळखतात. नदीमुखाशी, पोर्तोच्या पलीकडच्या तीरावर गाया गावातल्या वाइनच्या गोदामांत, जिथं एर्मीनियानं उभा जन्म पेल्यात नाक घालून काढला, तिथं नवी पोरं तो आकडा देवाचं नाव घ्यावं तसा घेतात. कुणीतरी पाहुण्याला सांगतं, "ती वाइन यांच्या हातची. पहिल्याच वर्षी. वडील गेल्यावर एकटीनं केली." मग पाहुणा वळून तिच्याकडे आदरानं बघतो, आणि एर्मीनिया तस्तात चूळ टाकावी तशी मान खाली घालते. लोकांना तो विनय वाटतो. तिच्या विनयाची गायात फार ख्याती आहे.

नदी गाडीच्या अगदी कडेला आली होती. पलीकडच्या डोंगरावर पायऱ्या पायऱ्यांचे मळे, पानं तांबूस व्हायला लागलेली. त्या वर्षीही असंच ऊन होतं, खरं तर याहून कडक. बाबा फेब्रुवारीत गेले आणि सप्टेंबरात हौद भरायची वेळ आली तेव्हा मळ्यातल्या मुकादमापासून गायामधल्या खरेदीदारापर्यंत सगळ्यांनी मनातल्या मनात मळा विकून टाकला होता. मुलगा नाही, दोन पोरी. थोरली आईचं दुखणं काढण्यात गुंतलेली. धाकटीला नाक आहे म्हणे, पण नाकानं का वाइन होते? मुकादम तिबुर्सिओ तर तोंडावरच म्हणाला होता, "एर्मीनियाबाई, तुम्ही सांगाल तसं करू. पण बिघडलं तर बाबांचं नाव जाईल, माझं नाही." माणसं हौदात उतरली. मांड्यांपर्यंत द्राक्षं, खांद्यावर खांदे, भिंतीसारखी रांग. तिबुर्सिओ ओरडायचा, "डावा, उजवा, डावा, उजवा," आणि रांग इंच इंच पुढं सरकायची. ते झालं की मोकळीक. मग सेराफिम अकॉर्डियन घेऊन हौदघराच्या पायरीवर बसायचा, कारण आत रसाच्या वाफेनं त्याला घेरी यायची, आणि हौदातली माणसं एकमेकांच्या कमरेला धरून नाचायची, शिव्या द्यायची, वर उभ्या असलेल्या बायांची नावं घेऊन गाणी जुळवायची. पाय थांबता कामा नये, एवढाच नियम. रस उकळ्या मारू लागला की साली वर येतात, त्या सतत खाली तुडवाव्या लागतात, म्हणजे सगळा रंग उतरतो. आणि गोडी निम्मी उरली असेल तो क्षण धरायचा. त्या क्षणी रस खाली सोडायचा आणि त्यात द्राक्षाचा कडक अर्क ओतायचा. अर्क पडला की रस जिथं असेल तिथं थांबतो, त्याची उरलेली गोडी जन्मभर त्याच्याजवळ राहते. लवकर ओतला तर काकवी. उशीर झाला तर कोरडं, हिरमुसलेलं पाणी. बाबा बोट बुडवून सांगायचे. एर्मीनिया पत्र्याच्या कपातनं चाखायची. त्या वर्षी उन्हामुळं रस नुसता धावत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हौदघराच्या दारात उभी होती. हे तिला इतकं स्वच्छ दिसतं की गाडीच्या काचेवरही दिसावं. हातात कप. जिभेवर अजून थोडी जास्त गोडी, अर्ध्या तासाची, फार तर पाऊण तासाची. आत माणसं नाचताहेत, दमलेली आहेत, पण पाय चालू आहेत. अर्काची पिंपं रांगेनं मांडून ठेवलेली. पायरीवर सेराफिम, डोळे मिटून वाजवणारा. समोर अंगणाच्या उतारावर अंजिराचं झाड, त्याच्या मागं घर, घराची वरची खिडकी अंजिराच्या पानांनी झाकलेली. आणि त्या पानांमधून देओलिंदाची हाक, एकदा आणि पुन्हा एकदा. "एर्मीनिया! एर्मीनिया, वर ये! आई बोलावतेय तुला!" गाण्याचं कडवं संपत होतं. सेराफिम दोन कडव्यांमध्ये दम खाण्यासाठी थांबायचा, तसा तो थांबत आला होता, त्याची बोटं हळू झाली होती. हौदात हसणंही थोडं उतरलं होतं. आणखी एक हाक आली असती तर ती सगळ्यांना ऐकू गेली असती. आणि मळ्याचा नियम एर्मीनियाला जन्मापासून माहीत होता. घरात मयत झालं की हौदातनं पाय बाहेर. माती होईपर्यंत आत कुणी उतरायचं नाही, अर्काच्या पिंपाला कुणी हात लावायचा नाही. आजोबांच्या वेळी असंच झालं होतं, सगळा हौद ओतून द्यावा लागला होता, आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं. आई जाणार होती हे आठवडाभर सगळ्यांना कळत होतं. फक्त केव्हा, तेवढं कळत नव्हतं. ते सगळं एर्मीनियाच्या मनात शब्दांनी आलं नाही. शब्दांना वेळच मिळाला नाही. तिनं सेराफिमकडे बघितलं आणि हनुवटी किंचित वर केली. वाजव. सेराफिमनं मान डोलावली आणि नवं कडवं धरलं, आधीच्यापेक्षा जोरात. हौदातून आरोळी उठली. अंजिरातून तिसरी हाक आली असेल तर ती तिला खरंच ऐकू आली नाही. तेवढं एक ती शपथेवर सांगू शकते, आणि तेवढ्याचा काही उपयोग नाही.

मग तो क्षण आला, आणि तिनं तो धरला. जिभेवर गोडी नेमकी तिथं पोचली जिथं पोचायला हवी होती. ती ओरडली, तिबुर्सिओनं बूच काढलं, रस खाली धावला, अर्क पडला, सगळ्या हौदघराला झोंबणारा वास सुटला आणि तिबुर्सिओ, तोंडावर बोलणारा तिबुर्सिओ, टोपी काढून म्हणाला, "बाबाच की हो." त्या शब्दांनी तिला काय वाटलं, ते ती कधी कुणाला सांगणार नाही. आनंद झाला. साधा, भरभरून, पायाच्या नखापासून आनंद झाला, आणि तो होत असताना वर खिडकीत काय चाललंय हे तिला माहीत होतं. पापाची तिची जी कल्पना आहे ती पाद्री सांगतात तशी नाही. हाक ऐकली नाही हे पाप असेलही. पण तो आनंद, त्याला ती कुठं ठेवील? हात जांभळे, कपाळावर जांभळा डाग, अशी ती जिना चढून गेली. देओलिंदा पलंगाशी बसली होती. "आत्ताच," देओलिंदा म्हणाली. "आत्ताच गेली बघ." एर्मीनियानं आईचा हात हातात घेतला. तो थंड होता. आत्ताच गेलेल्या माणसाचा हात असा नसतो. देओलिंदानं हे का केलं असेल, याचं उत्तर एर्मीनियानं तेव्हाच ठरवून टाकलं. माणसांना कळलं की मयत असताना ती हौदात नाचली, तर ती पुन्हा या मळ्यात पाय ठेवणार नाहीत. ताई शहाणी आहे, मळ्यासाठी बोलली. खाली जाऊन एर्मीनियानं तेच सांगितलं, "आत्ताच." माणसांनी टोप्या काढल्या, सेराफिमनं अकॉर्डियनचा पट्टा लावला, आणि सगळं रीतीप्रमाणं झालं.

आई काय म्हणत होती, हे तिनं कधी विचारलं नाही. देओलिंदानंही सांगितलं नाही. ती फक्त एक वाक्य म्हणायची, दरवर्षी तोडणीच्या शेवटच्या दिवशी, फांदी स्वीकारून झाली की, दोघी ओसरीवर बसल्या की. "मी मोठ्यानं हाक मारायला हवी होती." आणि एर्मीनिया म्हणायची, "संगीत चालू होतं ना ताई. कसं ऐकू येणार." देओलिंदा हळूच मान हलवायची आणि दोघी नदीकडे बघत राहायच्या. किती वर्षं. ताई स्वतःला दोष देत म्हातारी झाली, नवऱ्याशिवाय, त्याच घरात, त्याच जिन्यानं चढत उतरत, आणि आपण तो दोष तिच्या पदरात राहू दिला. चार शब्दांचं काम होतं. मला ऐकू आलं होतं. दरवर्षी पोर्तोहून निघताना ती ते चार शब्द घेऊन निघायची आणि दरवर्षी ते तसेच परत घेऊन यायची. आज मात्र गल्लीत त्या बाईनं हाक मारली आणि आपले पाय पळाले. पायांनीच सांगून टाकलं. गाडी पूल ओलांडत होती. एर्मीनियानं ठरवलं, आज बाटली फोडायच्या आधी सांगायचं. वाइन ताईच्या तोंडात जायच्या आधी.

देओलिंदा ओसरीवर खुर्चीत बसली होती, गुडघ्यावर लोकरी पट्टा बांधून. "किती वाळलीस गं! गायात तुला खायला देत नाहीत, नुसती थुंकायला लावतात काय?" तिनं एर्मीनियाचे दोन्ही गाल चुंबले. तिच्या अंगाला लसणाचा आणि साबणाचा वास येत होता. आत स्वयंपाकघरात चुलतभावाच्या सुनांनी कॉड माशाचं भांडं चुलीवर चढवलं होतं. बाटली देओलिंदानं स्वतः तळघरातून वर आणवली होती. ती टेबलावर आडवी ठेवली होती, पांढऱ्या चुन्याची रेघ वर करून. इतकी वर्षं ती रेघ वरच होती. बाटली हलवताना रेघ वरच ठेवायची, नाहीतर आत बसलेला गाळ ढवळतो आणि सगळी वाइन गढूळ होते. "चुलीत चिमटा ठेव," देओलिंदा म्हणाली. "आणि वर आईच्या खोलीतनं पांढरं फडकं आण. कपाटात, वरच्या खणात. मीच गेले असते, पण हा गुडघा." एर्मीनिया जागची हलली नाही. आईच्या खोलीत ती आईच्या मातीनंतर गेली नव्हती. फडकी, चादरी, मेणबत्त्या, काय हवं ते देओलिंदाच आणून द्यायची. "आतल्या सुनेला, मारियाला सांगू का?" "तिला सापडायचं नाही. तू जा."

खोलीत कोंदट अंधार होता. पलंग उभा करून भिंतीला लावलेला. कपाटाचा खण दिसेना म्हणून तिनं खिडकीकडे जाऊन लाकडी दार ढकललं. ते जोर लावल्यावर उघडलं आणि दुपारचा उजेड आत पडला. खाली अंजीर होतं, तेच. त्याच्या फांद्या खिडकीपर्यंत वर आल्या होत्या. खालून ते झाड खिडकी झाकून टाकतं, पण इथून, अंधाऱ्या खोलीतून, खिडकीला भिडलेल्या पानांच्या फटींमधून नजर सरळ पलीकडे जात होती. पलीकडे हौदघराचं दार. दाराची पायरी. पायरीवर सेराफिमचा मुलगा, आता तोही पन्नाशीचा, बापाचंच अकॉर्डियन मांडीवर घेऊन सिगारेट ओढत बसला होता. त्याच्या शर्टाचं तुटलेलं बटण तिला दिसत होतं. दारात तिबुर्सिओचा नातू उभा होता आणि कशावर तरी हसत होता, आणि त्याची हनुवटी हसताना वर जात होती, तीही दिसत होती. एर्मीनियानं खिडकीच्या चौकटीला धरलं. म्हणजे ताईनं पाहिलं होतं. हाक मारली आणि पाहिलं. हनुवटी वर गेलेली पाहिली, सेराफिमनं मान डोलावलेली पाहिली. आणि मग बहुधा तिसरी हाक मारलीच नाही. खिडकी लावून घेतली, पलंगाशी जाऊन बसली, आणि आई गेल्यावरही तशीच बसून राहिली, रस उतरून अर्क पडेपर्यंत, हात थंड होईपर्यंत, कुणालाही न कळवता. आणि त्यानंतर दरवर्षी, ओसरीवर बसून, ती तेच वाक्य म्हणत आली. मी मोठ्यानं हाक मारायला हवी होती. ती स्वतःला दोष देत नव्हती. ती दार उघडं धरून उभी होती, दरवर्षी, एर्मीनियानं आत यावं म्हणून. आणि एर्मीनिया दरवर्षी ते दार हळूच लावून घेत होती, वर समजूत घालत होती. संगीत चालू होतं ना ताई. तिला तिथंच, त्या रिकाम्या खोलीत, इतकी लाज वाटली की तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले. खालून देओलिंदा ओरडली, "अगं, सापडलं का फडकं?"

माणसं अंगणात जमली होती. फुलं, कागदी झिरमिळ्या आणि द्राक्षाचे घड बांधलेली ती मोठी वेलीची फांदी त्यांनी देओलिंदाच्या पायाशी ठेवली, आरोळ्या दिल्या, ढोल बडवला. देओलिंदानं प्रत्येकाचा हात हातात घेतला, प्रत्येकाला काहीतरी टोमणा मारला. चिमटा चुलीत लालभडक झाला होता. एर्मीनियानं तो बाटलीच्या मानेला धरला, मनात काही न मोजता, हाताला कळतं तेवढा वेळ, मग काढून ओलं फडकं फिरवलं. काच टक्कन वाजली आणि मान बुचासकट सरळ वेगळी झाली. माणसांनी टाळ्या वाजवल्या. वाइन तिनं हळू, गाळ मागं ठेवून ओतली. वास वर आला. वाळलेलं अंजीर, जुनं लाकूड आणि तळाशी थोडीशी आग. तो वास इतक्या वर्षांनी ओळखीचा होता हे तिला सहन होईना. आधी सांगायचं ठरवलं होतं, ते राहिलंच. मग माणसं जेवणाकडे वळली आणि दोघी ओसरीवर उरल्या, मध्ये टेबल, दोन भरलेले पेले. सेराफिमचा मुलगा पायऱ्यांवर बसून पाव खात होता.

एर्मीनिया वाट बघत होती. आता ताई म्हणेल. मोठ्यानं हाक मारायला हवी होती म्हणेल, आणि या वेळी आपण काय उत्तर द्यायचं ते ठरलेलं आहे. देओलिंदा नदीकडे बघत होती. तिनं पट्टा गुडघ्यावर नीट केला. "यंदा पानं लवकर लाल झाली," ती म्हणाली. ते वाक्य आलं नाही. ते येणार नव्हतं. एर्मीनियाला हळूहळू कळलं की ते संपलं, शेवटच्या बाटलीबरोबर ताईनं तेही संपवलं होतं. मग तिनं स्वतःच सुरुवात केली, आणि तिचा आवाज तिलाच परक्या बाईचा वाटला. "ताई, मी आज वर गेले होते ना. खिडकी उघडली."

देओलिंदानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या बघण्यात, माया नव्हती असंही नाही. ती फार थकलेली होती. एवढी वर्षं दार धरून उभं राहिलेलं माणूस थकेल तशी. मग ती पायऱ्यांकडे वळली, सेराफिमच्या मुलाकडे, आणि तिनं हनुवटी किंचित वर केली. त्यानं पावाचा तुकडा खिशात टाकला, पट्टा खांद्यावर घेतला आणि सूर धरला. बापापेक्षा तो जोरात वाजवतो.

"ताई, मला त्या दिवशी ऐकू आलं होतं," एर्मीनिया म्हणाली. तिला स्वतःचे शब्द ऐकू आले नाहीत. ती पुढं वाकली, जवळजवळ ओरडली. "मी ऐकलं होतं. आई काय म्हणत होती ताई? शेवटी काय म्हणाली?"

देओलिंदानं पेला उचलला, उजेडात धरून रंग पाहिला आणि एक घोट घेतला. तो तिनं बराच वेळ तोंडात ठेवला. मग कानाशी हात नेऊन ती मोठ्यानं म्हणाली, "वाजतंय ना गं. काही ऐकू येत नाही," आणि पायानं ताल धरला.